बीटी कपाशीत अळी आली कुठून?

प्रश्न : पाकिटातले बीटी बियाणे लावूनही शेवटच्या वेचणीत कवडी (किडका, डागाळलेला) कापूस निघाला. बियाणे बोगस होते का? (वाचक, मालेगाव तालुका)

उत्तर : तसे असेलच असे नाही. बोंड फोडून बघा. दोन सरक्या चिकटलेल्या आणि आत गुलाबी अळी दिसली, तर दोष बियाण्यावर ढकलता येणार नाही. बीटी म्हणजे बोंडअळीला मारणारे विष झाडातच तयार करणारे बियाणे. आपल्याकडे 2002 मध्ये त्या विषाच्या एका जनुकाचे बीटी आले, 2006 मध्ये दोन जनुकांचे. गुलाबी अळीने दोन्ही पचवले. हिरवी बोंडअळी तूर, हरभरा, टोमॅटोवरही जगते; गुलाबीचा संसार जवळपास कपाशीवरच. म्हणून तिच्यासाठी कडेने साध्या, बीटी नसलेल्या कपाशीच्या ओळी हव्या होत्या; तिथे विष न सोसणाऱ्या अळ्याही जगल्या असत्या आणि विष पचवणाऱ्यांचीच पैदास वाढली नसती. त्यासाठी पूर्वी सोबत मिळणारे 120 ग्रॅमचे पाकीट बहुतेकांनी लावलेच नाही. शिवाय आपले बीटी संकरित. त्याच्या बोंडात सरासरी 16 सरक्यांपैकी एकीत बीटीचे विष नसते, सहांत एकाच जनुकाचे असते. अळी सरकीच खाते, म्हणजे तिला सहन करायचा सराव आपणच दिला.

आता करायचे काय? लागवडीनंतर 45 दिवसांनी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) पिकापेक्षा फूटभर उंच लावा. सलग तीन रात्री सापळ्यामागे दर रात्री आठ पतंग आले, की सावध. दर आठवड्याला वेगवेगळ्या झाडांची 20 हिरवी बोंडे फोडा. दोनांत अळी असेल तर फवारणीची वेळ झाली. सुरुवातीला 5 टक्के निंबोळी अर्क घ्या. बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत औषध पोचतच नाही, म्हणून उशिराची फवारणी पैसे घालवते. पायरेथ्रॉइड गटाचे कीटकनाशक लवकर मारले, तर पांढरी माशी उसळते. डोमकळ्या, म्हणजे आत अळी असल्याने न उमललेली फुले, वेचून नष्ट करा.

फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेली कपाशी, मात्र ठेवू नका. डिसेंबरअखेर पऱ्हाटी (कपाशीची झाडे) उपटा, बांधावर रचू नका. तुमच्या फरदडीतले पतंग पुढच्या हंगामात शेजाऱ्याच्याही बोंडात उतरतात.

प्रश्न : तणनाशक सहन करणारे बीटी बियाणे गावात मिळते. घ्यावे का? (वाचक, येवला)

उत्तर : नको. त्याला देशात परवानगी नाही, बिल मिळत नाही. उगवण फसली तर तक्रार कशाच्या जोरावर करणार? आणि वाऱ्याने तणनाशक शेजारच्या द्राक्षबागेत गेले, तर पंचनामा तुमच्या नावावर.