शतपावली रात्रीची हवी

प्रश्न : वय ५८, मधुमेह आहे. सहकारनगरला राहते, रोज पहाटे तळजाई टेकडीवर पाऊण तास चालते. उपाशीपोटीची साखर ठीक असते, पण रात्री जेवणानंतरची २०० च्या वर जाते. अजून किती चालू?
– एक वाचक

उत्तर : ताई, पहाटेचं वाढवू नका. आठवड्याला किमान १५० मिनिटांचं माप तुम्ही कधीच ओलांडलंय, आणि तळजाईची ती हवा सोडूही नका. अडचण रात्रीची आहे. जेवल्यावर तास-दीड तासात साखर सर्वांत वर चढते, आणि नेमके तेव्हाच आपण मालिका बघत बसलेलो असतो. चालताना मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतात. म्हणून हात धुतल्यावर ओटा आवरायला न थांबता खाली उतरा. भांडी कुठे पळून जात नाहीत! सोसायटीच्या आवारात पंधरा मिनिटं पुरे. पावसात गॅलरी ते स्वयंपाकघर अशा फेऱ्याही चालतात. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग ठेवा.

ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) किंवा इन्सुलिन चालू असेल, तर चालताना साखर फार खाली जाऊ शकते, म्हणून जवळ साखर ठेवाच. घाम, थरथर जाणवली की लगेच तोंडात टाका. पायाला मुंग्या येत असतील तर सपाता नकोत, बंद बूट घाला.

जेवायला बसल्यापासून दोन तासांनी साखर तपासा, चालल्याच्या आणि न चालल्याच्या अशा दोन्ही रात्री. तरीही १८० च्या आत येत नसेल, तर ते आकडे तुमच्या डॉक्टरांना दाखवा. गोळ्या मात्र स्वतःहून कमी-जास्त करू नका.