"ताई, मला सहन होईल ना?"

बाळंतपणाच्या तयारीसाठी पहिलटकरीण माझ्यासमोर येऊन बसली की चार गोष्टी झाल्यावर हा प्रश्न येतोच. कुणी थेट विचारते, कुणी नवरा फोन घ्यायला बाहेर गेला की हळूच. "सगळ्याजणी सोसतात, तूही सोसशील" असं मी कधीच म्हणत नाही. त्यानं धीर येत नाही, उलट घाबरल्याची लाज तेवढी वाटायला लागते.

मीराला (नाव बदललं आहे) आठवा लागला होता. औषधाशिवाय कळा सोसण्याचे उपाय तिला हवे होते. श्वासाचे प्रकार तिनं आकडे घालून वहीत उतरवून आणले होते. मी वही मिटायला सांगितली.

"दुखेल याचीच भीती वाटते, की आणखी कशाची?"

ती बराच वेळ पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिली. "मी ओरडेन. सगळ्यांसमोर. मग म्हणतील, हिला एवढंही जमलं नाही."

गाठ इथे होती. भीतीनं अंग आवळतं, आवळलेलं अंग जास्त दुखतं आणि दुखणं वाढलं की भीती वाढते, असं ग्रँटली डिक-रीड या ब्रिटिश डॉक्टरांनी १९३३ साली मांडलं होतं. सगळी वेदना भीतीतूनच येते असं मी मानत नाही. गर्भाशयाचं तोंड उघडताना दुखतंच. पण त्यावर चढलेला भीतीचा थर उतरवता येतो, हे मी इतक्या जणींमध्ये पाहिलंय की त्याबद्दल मला शंका उरलेली नाही.

पुढच्या वेळी दोघांना बोलावलं. कळेचा सराव म्हणून मीराच्या मुठीत बर्फाचा खडा दिला आणि घड्याळ लावलं. एक मिनिट. तिनं ओठ घट्ट मिटले, खांदे कानांपर्यंत चढले, पायाची बोटं आत वळली. चाळिसाव्या सेकंदाला तिनं खडा टाकला.

"पुन्हा खडा घे. आता ओठ सैल सोड. श्वास सोडताना खालच्या पट्टीत 'आ' येऊ दे."

आवाज फुटेना. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. मग बारीकसा निघाला, थरथरत, आणि हळूहळू भरदार झाला. खांदे आपोआप खाली आले. कोपरावरून पाणी ठिबकत होतं.

"संपलं पण?" तिनंच विचारलं.

मला खरं शिकवायचं होतं ते याच्या पुढचं. खडा ठेवून तिला तीन मिनिटं नुसतं बसवलं. कळ चढते, शिगेला पोचते, ओसरते. जोर धरल्यावरही एक कळ साधारण मिनिटभराचीच असते, आणि मध्ये दोन-तीन मिनिटं मिळतात. ती मिनिटं पुढच्या कळेच्या धास्तीत घालवणारी लवकर थकते. ओसरली की जबडा सैल, हात सैल, घोटभर पाणी. वहीतल्या सगळ्या प्रकारांपेक्षा मला हे मोलाचं वाटतं.

"मी तिथे नुसता उभा राहून काय करू?" नवऱ्यानं विचारलं. मीराला खुर्चीच्या पाठीवर ओणवं केलं आणि त्यांच्या तळहाताची टाच तिच्या कमरेखाली, माकडहाडाच्या जरा वर टेकवली. ते घाबरत दाबत होते. "अजून जोरात," मीरा म्हणाली. आपटलेलं कोपर आपण चोळतो, तसंच हे. स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेची वाट अडवतात, असं मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींतही मसाज, गरम शेक, अंग सैल सोडण्याचे उपाय आणि मनाजोगतं सोबतीचं माणूस आहे. अडचण नसेल तर चालणं, उभं राहणं, पुढे झुकणंही. मात्र सोबत कोण थांबू शकतं, तुझ्या प्रकृतीला फिरणं चालेल का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेव, असं मी प्रत्येकीला बजावते.

आणि हेही सांगते, की मध्येच औषध मागावंसं वाटलं तर माग. हे उपाय तुझ्यासाठी आहेत, तू त्यांच्यासाठी नाहीस.

बाळ दीड महिन्याचं झाल्यावर मीरा भेटायला आली. बाळ खांद्यावर झोपलं होतं, म्हणून कुजबुजत बोलली.

"ताई, ओरडले मी. चांगली ओरडले. आणि हे कंबर दाबत माझ्याबरोबर 'आ' करत होते."