आयडी वेगळा, अनुक्रमांक वेगळा

प्रश्न : मार्केट यार्डातल्या एका गूळ अडत दुकानाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. डेटाबेस मायएसक्यूएल. काही नोंदी डिलीट केल्यामुळं यादीत आयडी १२ नंतर एकदम १५ येतो. मालक विचारतात, मधल्या दोन कुठं गेल्या? सगळे आयडी १ पासून परत लावू का? शिवाय प्रत्येक शेतकऱ्याची यादी १ पासून सुरू व्हायला हवी.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आयडीला अजिबात हात लावू नका. पट्टी, उचल, जमा, सगळी टेबलं त्याच आकड्यावर टेकलेली असणार. एक आकडा सरकला की एकाची उचल दुसऱ्याच्या नावावर! शिवाय इनोडीबीत (मायएसक्यूएलची नोंदी साठवणारी यंत्रणा) रोलबॅक झालेली, म्हणजे मधेच मागं घेतलेली नोंदही आपला आकडा खाऊन जाते, म्हणजे गॅप पडतच राहणार. आणि हिशेबातली नोंद डिलीट कशाला करता? 'रद्द' असा एक कॉलम ठेवा, म्हणजे मालकांना उत्तर देता येईल.

यादीतला अनुक्रमांक टेबलात साठवायचाच नाही, क्वेरीत, म्हणजे डेटाबेसकडं माहिती मागायच्या आदेशात काढायचा. आवृत्ती ८.० किंवा पुढची असेल तर सिलेक्टमध्ये 'रो_नंबर() ओव्हर (पार्टिशन बाय शेतकरी_आयडी ऑर्डर बाय तारीख, आयडी)' एवढं घाला. शेतकरी बदलला की मोजणी पुन्हा १ पासून. पार्टिशन नावावर मात्र करू नका. आपल्याकडं एकेका गावात एकाच नावाचे तीन-तीन पाटील निघतात.

तारखेनंतर आयडी मुद्दाम लिहिलाय. सौद्याच्या दिवशी एकाच तारखेच्या ढीगभर नोंदी पडतात. नुसती तारीख दिली तर त्यांच्यात आधी कोण, याची हमी डेटाबेस देत नाही. सकाळच्या प्रिंटमधली ७ नंबरची ओळ दुपारी ९ वर दिसू शकते. मग शेतकरी फोनवर "सातव्या ओळीचं वजन बघा" म्हणतो आणि तुम्ही भलतंच वजन वाचता. ओव्हरच्या कंसातला क्रम फक्त नंबर देण्यापुरता असतो; यादी त्याच क्रमानं छापायला क्वेरीच्या शेवटी वेगळं ऑर्डर बाय लागतंच. हे बहुतेक जण विसरतात.

प्रत्येकाच्या पहिल्या ३ नोंदीच हव्या असतील तर या नंबरावर थेट व्हेअर (नोंदी गाळायची अट) चालत नाही, कारण नंबर पडायच्या आधीच व्हेअर लागून गेलेलं असतं. ही क्वेरी आत ठेवून बाहेरून गाळा.

अजून मायएसक्यूएल ५.७ वर असाल तर रो_नंबर() हे फंक्शन तिथं नाही. व्हेरिएबल वाढवत नेण्याची जुनी युक्ती सापडेल, पण तिच्यात क्रमाचा भरवसा नाही. त्यापेक्षा छपाईच्या प्रोग्रॅममध्ये लूप फिरवताना नंबर द्या. आणि ५.७ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्येच संपलाय, तेव्हा सीझन उरकला की बॅकअप घेऊन अपग्रेड करूनच टाका.