पंचगंगा जिवंत आहे का?

प्रश्न: मी तिसरीला शिकवते. सजीव-निर्जीव चालू असताना एका मुलानं विचारलं, पंचगंगा वाहते, पावसाळ्यात वाढते, मग ती जिवंत का नाही? सगळा वर्ग भांडायला लागला. पोर्शन पण संपवायचाय. काय करू?
– एक शिक्षिका, कसबा बावडा

उत्तर: ताई, ते भांडण थांबवू नका, विज्ञान तिथंच सुरू झालंय! पुस्तकातली व्याख्या लगेच सांगितली की पोरं पाठ करतात आणि विषय संपतो. उलट त्यालाच विचारा, वाढते म्हणजे नेमकं काय होतं, पाणी कुठनं येतं, आणि झाड वाढतं ते तसंच का? मग कोणीतरी म्हणेलच की नदीत पाणी बाहेरनं येऊन पडतं, झाड मात्र स्वतः अन्न बनवून वाढतं.

आता मिसळीची मटकी आणा. कोरडी मटकी जिवंत का मेलेली? आधी हात वर करून मत घ्या आणि कारण द्यायलाच लावा, मग थोडी कच्ची, थोडी उकडलेली आणि थोडी मटकीची डाळ ओल्या फडक्यात वेगवेगळी बांधून ठेवा. एक-दोन दिवसांत चांगल्या कच्च्या मटकीला मोड येतात, बाकीच्यांना नाही. का, ते पोरांनाच बोलू दे, मत बदललं तर कशामुळं तेही सांगू दे.

अमेरिकेत मॅथ्यू लिपमन यांनी 1970 च्या दशकात लहान मुलांसाठी तत्त्वज्ञानाचे असे तास सुरू केले, मुलं गोल बसून एकमेकांचं म्हणणं तपासतात. पोर्शनचं म्हणाल तर आठवड्याला एक तास पुरे, आणि तो धडा यातच होऊन जातो.