आजोबांच्या जुन्या मराठी पुस्तकांची ऑनलाइन यादी गुडरीड्सवर करावी की लायब्ररीथिंगवर?

लायब्ररीथिंगवर करावी. आपल्याकडील सहा-सातशे पुस्तकांपैकी बरीचशी १९८० पूर्वीची आहेत असे आपण लिहिले आहे, त्यांवर बारकोड नसणार, त्यामुळे फोनने बारकोड टिपून काम उरकण्याचा बेत फारसा चालणार नाही. एवढेच लिहून मी थांबणार होते, पण प्रश्नाच्या शेवटी "प्रकाशनवर्ष वगैरे किरकोळ तपशील अंदाजाने भरले तर चालेल ना?" असे आपण विचारले आहे, आणि त्या किरकोळ तपशिलावरून आमच्या घरात अजून धुसफूस चालू आहे.

आमचे वडील कृषी खात्यात होते. त्यांच्या पश्चात पुस्तकांची यादी करण्याचे काम थोरल्या बंधूंनी हाती घेतले. फळझाडांच्या लागवडीवरील एका लहानशा पुस्तकाच्या मुखपृष्ठाआतील पानावर "माघ, शके १८७४" आणि त्याखाली "किंमत १ रुपया ८ आणे" असे छापलेले आहे. दादांनी त्यातला 'शके' गाळला आणि वर्षाच्या रकान्यात १८७४ भरून टाकले. तेव्हापासून आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वीचे पुस्तक आहे, असे ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला कौतुकाने सांगतात. शकाच्या आकड्यात चैत्र ते कार्तिक या महिन्यांसाठी ७८ आणि माघ-फाल्गुनासाठी ७९ मिळवावे लागतात (मार्गशीर्षाची अखेर आणि पौष सांध्यावर येतात, त्यासाठी जुने पंचांग पाहावे), म्हणजे हे पुस्तक १९५३ सालचे ठरते, असे मी सांगितले. त्यावर दादांचे उत्तर असे की, किंमत आण्यांत आहे म्हणजे काळ इंग्रजांचाच असला पाहिजे. वास्तविक आपल्याकडे दशमान नाणी आली ती १ एप्रिल १९५७ रोजी; तोवर स्वतंत्र भारतातही व्यवहार आण्यांतच होत होता. शं. ग. दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'चा पहिला भाग १८०० ते १९३७ या काळातील पुस्तकांचा आहे. त्यातही मी शोधले आणि पुस्तक सापडले नाही. "त्यांच्याकडून राहून गेले असेल," असे म्हणून दादा मोकळे झाले. शेवटी त्याच पानावर छापखान्याचा चार आकडी दूरध्वनी क्रमांक आहे हे मी दाखवले, कारण मुंबईतसुद्धा टेलिफोन सुरू झाला तो १८८२ साली. तेव्हा वहिनींनी चहा आणला आणि विषय बदलला. नोंद मात्र बदलली नाही.

म्हणून माझा आग्रह असा की, यादी आपल्या हातातील प्रतीची करावी, पुस्तकाच्या नावाची नव्हे. गुडरीड्स हे मुख्यतः काय वाचले आणि कसे वाटले हे सांगण्याचे ठिकाण आहे, आणि तिथली पुस्तकाची नोंद सर्व वाचकांची सामाईक असते. लायब्ररीथिंगवर मात्र आपल्या संग्रहातील नोंदीचे शीर्षक, वर्ष, प्रकाशक आपल्याला हवे तसे दुरुस्त करता येतात आणि त्याने दुसऱ्या कोणाच्या नोंदीला धक्का लागत नाही. शिवाय खाजगी टिपणांचा वेगळा रकाना आहे. वडिलांनी लिंबाच्या कलमांविषयी समासात पेन्सिलीने जे लिहून ठेवले आहे, ते मी तिथेच उतरवून घेतले आहे. पूर्वी तिथे २०० पुस्तकांपलीकडे पैसे भरावे लागत. २०२० पासून ती अट उरलेली नाही.

सुरुवात बारकोड नसलेल्या पुस्तकांपासून करावी. सोपी पुस्तके आधी टिपली की आकडा झपाट्याने वाढतो, उत्साह तिथेच संपतो आणि जुनी पुस्तके 'नेटवर नसलेली' म्हणून कोपऱ्यात पडतात. पुढे रद्दीत जातात ती हीच. १९६२ नंतरची अनेक मराठी पुस्तके अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपल्या दिल्ली कार्यालयामार्फत खरेदी केलेली आहेत आणि लायब्ररीथिंगमधून त्या सूचीत थेट शोध घेता येतो. पण तिथल्या नोंदी बहुधा रोमन लिपीत असतात, म्हणून शीर्षक रोमनमध्ये घालून पाहावे आणि नोंद मिळाली की देवनागरीत बदलून घ्यावे. शुद्धलेखनाचे नियम बदलण्यापूर्वीच्या, म्हणजे १९६२ पूर्वीच्या पुस्तकांत 'कांहीं', 'नाहीं' असे अनुस्वार भरपूर असतात. शीर्षक छापले आहे तसेच ठेवावे आणि आजचे लेखन टिपणात द्यावे, नाहीतर पुढे आपलेच पुस्तक आपल्याला सापडत नाही. ड्यूई वर्गांकाच्या (ग्रंथालयांत विषयवार मांडणीसाठी पुस्तकाला देतात त्या आकड्याच्या) फंदात पडू नये, कारण मराठी साहित्याला ८९१.४६ हा एकच वर्ग असल्याने बहुतेक कपाट त्याच आकड्याखाली येईल. दिवाळी अंकांची यादी वहीत केलेली बरी.

खाते एकाच व्यक्तीच्या ताब्यात ठेवावे, आणि ती व्यक्ती वयाने मोठी असण्यापेक्षा पुस्तकाचे पहिले पान नीट वाचणारी असावी. यादी दर काही महिन्यांनी फाइल म्हणून उतरवून घ्यावी. अशी संकेतस्थळे कायमची असतात असे कोणी समजू नये, आणि या एका मुद्द्यावर दादांचे म्हणणे मला मान्य आहे. अर्थात आपल्या संग्रहातील बहुतेक पुस्तके गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली निघाली, तर वरचे बहुतेक सगळे सोडून द्यावे, फोन घ्यावा आणि भारतीय पुस्तकांच्या बारकोडवरचे ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होणारे क्रमांक टिपत सुटावे. तसे असेल तर गुडरीड्सनेही काही बिघडत नाही.