रुईची पानं कुरतडू द्या

प्रश्न : बाल्कनीत झेंडू, झिनिया, एक्झोरा आहे. फुलपाखरं येतात, पण लगेच निघून जातात. नर्सरीवाले हळदीकुंकवाचं झाड लावा म्हणतात. लावू का? (पुणे)

उत्तर : फुलांवर ती फक्त मध प्यायला येतात. अंडी घालायला मादी अळीच्या खाण्याचं झाड शोधते. हळदीकुंकवावर प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या वाढतात हे खरं. पण ते झाड मूळचं अमेरिकेतलं, आणि त्याचं बी वाऱ्यावर कुठेही जाऊन रुजतं. याच अळ्यांना चालणारी इथलीच रुई असताना ते कशाला? उन्हाळ्यात रुईची बोंडं तडकू लागली की म्हाताऱ्या उडायच्या आत बी काढून घ्या. रस्त्याकडेचं मोठं झाड उपटून आणू नका. सोटमूळ खोल असतं, ते तुटलं की झाड सहसा जगत नाही. खोल ड्रम, मुरमाड माती, कडक ऊन आणि बेताचं पाणी एवढं पुरे.

फुलं आली की काळे भुंगे येतील, त्यांना हाकलू नका. रुईचे परागकण सुटे नसतात, त्यांच्या चिकट जोडपिशव्या असतात. त्या भुंग्याच्या अंगाला अडकून दुसऱ्या फुलात पोचतात. भुंगा नसेल तर बोंडं धरणं अवघड.

प्रश्न : पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्यांनी रुई पार खाल्ली. शिवाय पिवळा मावा. निंबोळी अर्क मारू? (नाशिक)

उत्तर : मुळीच नको! काळे-पांढरे पट्टे, पिवळे ठिपके आणि पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या असतील तर ती प्लेन टायगरचीच अळी. तिच्यासाठीच तर झाड लावलंत ना? रुईला पुन्हा पालवी फुटते. मावा पाण्याच्या फवाऱ्याने पाडा, पण आधी पानामागची अंडी बघून घ्या. उरलेला मावा ढालकिडे खातील.

प्रश्न : घरात लहान मूल आहे. रुई विषारी ना? (सातारा)

उत्तर : हो. चीक डोळ्यात गेला तर इजा गंभीर होऊ शकते. लगेच भरपूर पाण्याने डोळा धुवा आणि दुखत नसलं तरी डॉक्टर गाठा. मूल मोठं होईपर्यंत झाड त्याच्या हाताला लागेल असं ठेवू नका. छाटताना हातमोजे, चष्मा घाला.

प्रश्न : मोनार्क फुलपाखरासाठी इथे रुई लावावी का? (न्यू जर्सी)

उत्तर : नको, तिथलंच मिल्कवीड (रुईच्याच कुळातलं झाड) लावा. ओलसर जागी स्वॅम्प मिल्कवीड, कोरड्या उन्हात बटरफ्लाय वीड. बी नोव्हेंबरमध्ये बाहेरच पेरा, थंडी खाल्ल्यावर ते चांगलं रुजतं. तयार रोप घेतलंत तर कीटकनाशक मारलेलं नाही ना, हे आधी विचारा.