घरातल्या हवेत अँटिबायोटिकला दाद न देणारे जिवाणू असतात असं वाचलं. घणसोलीत फ्लॅट आहे, घरात बाळ आहे. एअर प्युरिफायर घ्यावा का?

असतात. पण म्हणून बाळाला घेऊन माहेरी पळायची गरज नाही.

बंद घरातल्या हवेतले बरेचसे जिवाणू आपल्याच अंगावरचे. त्वचेच्या बारीक कोंड्यावर बसून ते धुळीत पडतात आणि कुणी चाललं, अंथरूण झटकलं की पुन्हा वर येतात. सकाळच्या तिरिपेत चादर झटकून बघा, कळेल. त्यात स्टॅफिलोकोकस हे त्वचेवर राहणारे जिवाणू भरपूर, आणि यातल्या अनेकांवर पेनिसिलिन कधीच निकामी झालंय. मात्र रेझिस्टंट, म्हणजे औषधाला दाद न देणारा जिवाणू जास्त जहाल असतोच असं नाही. संसर्ग झालाच तर डॉक्टरांकडे औषधांचे पर्याय कमी उरतात, मुद्दा तो आहे. आणि असे स्टॅफिलोकोकस हवेपेक्षा हात, टॉवेल, उघडी जखम यांतून जास्त पसरतात.

तुमच्याकडे रात्री एमआयडीसीचा वास आला की खिडक्या बंद, हे समजू शकतो. मग सकाळी समोरासमोरच्या खिडक्या उघडा, वारा आरपार जाऊ द्या. कोरड्या झाडूपेक्षा ओलं फडकं बरं. एसीची जाळी धुवा. हेपा फिल्टरवाला (अगदी बारीक कण अडवणाऱ्या जाळीचा) प्युरिफायर जिवाणू अडवतो, पण फरशीवरची धूळ काही तो पुसत नाही. माझ्या मते आधी फडकं, मग पैसे उरले तर प्युरिफायर.

खरी काळजी औषधांच्या डब्याची घ्या, कारण गरज नसताना अँटिबायोटिक दिलं की दाद न देणारे जिवाणू वाढतात. बरीच अँटिबायोटिक्स 2014पासून शेड्यूल एच-1 या सरकारी औषध-यादीत आहेत, चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक सिरप साध्या सर्दीला बाळाला अजिबात देऊ नका.